लिटरमागे २३, पण कोणत्या रस्त्यावर?

माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरासाठी आणि संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामासाठी प्रसिद्ध आहे. पालखीची ही वाट म्हणजेच आजचा राष्ट्रीय महामार्ग ९६५ होय. दिवे घाटापासून मोहोळपर्यंतच्या त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ता रुंद होत गेला, तसा या परिसरातील कुटुंबांचा गाडीने होणारा प्रवासही वाढला. मुले शिक्षणासाठी पुण्यात, व्यापार अकलूज-पंढरपूरला, वर्षातून काही वेळा दहिगाव, कुंथलगिरी किंवा कुंभोज-बाहुबलीचे दर्शन आणि लग्नसराईत साऱ्या घराने मिळून केलेला प्रवास, असे या प्रवासाचे स्वरूप आहे. सात-आठ माणसे आणि त्यांचे सामान सामावून घेणारी गाडी ही अशा एकत्र कुटुंबांची खरी गरज असते.

२००० मध्ये आलेली क्वालिस आणि २००५ मध्ये आलेली इनोव्हा यांनी ही गरज दीर्घकाळ भागवली. नोव्हेंबर २०२२ मध्ये टोयोटाने इनोव्हा हायक्रॉस सादर केली आणि तिच्या वरच्या श्रेणींत हायब्रिड यंत्रणा दिली. जुलै २०२३ मध्ये त्याच गाडीचे भावंड म्हणावे अशी इन्व्हिक्टो मारुतीने बाजारात आणली. दोन्हींच्या माहितीपत्रकावर एकच आकडा आहे : लिटरला २३.२४ किलोमीटर. एवढ्या प्रशस्त गाडीसाठी हा आकडा थक्क करणाराच आहे. गाडी घरी आल्यावर मात्र महामार्गावर बहुतेक मालकांच्या हाती १६ ते १९ किलोमीटरच पडतात आणि शहराच्या गर्दीत कधी कधी त्याहून अधिक मिळतात. महामार्गावर कमी आणि गर्दीत जास्त, हा अनुभव आजवरच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. त्यामुळे कोणाला फसवणूक झाल्यासारखे वाटते, तर कोणाला गाडीत दोष असल्याची शंका येते. वास्तविक दोन्ही खरे नाही. हायब्रिड गाडी बचत कोठून करते हे समजले की हे कोडे आपोआप सुटते.

या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि सोबत विजेची मोटार व एक लहान बॅटरी असते. बॅटरी भरण्यासाठी गाडी कोठेही प्लगला जोडावी लागत नाही. साध्या गाडीत ब्रेक लावला की गतीची सारी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये तीच मोटार जनित्राचे काम करते आणि त्या शक्तीचा काही भाग बॅटरीत परत साठवते. पुढे गर्दीत हळूहळू सरकताना किंवा जागेवरून हलताना ही वीज वापरली जाते आणि इंजिन बंद राहते. म्हणजे बचतीचा मोठा स्रोत ब्रेक, थांबे आणि मंद गती हा आहे. हडपसरच्या सिग्नलवर किंवा एकादशीच्या सुमारास पंढरपूरच्या गर्दीत जिथे साधी गाडी पेट्रोल जाळत उभी राहते, तिथे हायब्रिड शांत असते.

मोकळ्या महामार्गावर मात्र ब्रेकच क्वचित लागतो, म्हणून परत मिळवण्यासारखी शक्तीही थोडीच उरते. तिथे इंजिन अखंड चालते आणि वाऱ्याशी झुंजते. वाऱ्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटर वेगाने गेल्यास तो जवळजवळ १.९ पट होतो. शंभर किलोमीटरच्या वाटेवर या वेगाने सुमारे २० मिनिटे वाचतात, पण त्यांची किंमत पेट्रोलच्या रूपाने द्यावी लागते. उंच आणि रुंद बांधणीच्या गाडीला ही किंमत अधिक जाणवते. टपावर कॅरिअर लावून बोचकी बांधली, तर आणखीच.

घाटाचेही असेच आहे. वेळापूरहून पुण्याकडे जाताना दिवे घाट उतरावा लागतो. उतारावर बॅटरी भरते हे खरे, पण ती आकाराने लहान असल्याने लवकर भरून जाते आणि त्यानंतरची शक्ती साठवता येत नाही. परतीच्या वेळी तोच घाट चढावा लागतो. त्यामुळे एका बाजूचा आकडा पाहून हर्ष किंवा खेद मानण्यात अर्थ नाही. जाणे-येणे मिळून जो हिशेब होईल तोच खरा.

माहितीपत्रकावरील आकड्याविषयीही स्पष्टता हवी. तो आकडा खोटा नसतो. प्रयोगशाळेत रुळांवर गाडी ठरावीक क्रमाने चालवून तो काढतात. त्या चाचणीचा मोठा भाग शहरी चालीचा असतो, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि वातानुकूलन बंद असते. सोलापूर जिल्ह्यातील मे महिन्यात सात माणसांनी एसी बंद ठेवून प्रवास करणे कोणाला शक्य आहे? चाचणी बदलली की आकडा कसा बदलतो, हे अमेरिकेकडे पाहिल्यास कळते. तेथे २०२१ पासून टोयोटाची सिएन्ना ही मोठी कौटुंबिक गाडी केवळ हायब्रिड रूपातच मिळते. तिचे इंजिन अडीच लिटरचे, म्हणजे हायक्रॉसच्या दोन लिटर इंजिनापेक्षा मोठे आहे. तेथील सरकारी आकडा गॅलनला ३६ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १५.३ किलोमीटर इतका आहे. गाडी थोडी मोठी हे मान्य, परंतु फरकाचे मोठे कारण चाचणीत आहे. अमेरिकी आकडा काढताना जास्त वेग, वातानुकूलन आणि थंड हवामान हेही हिशेबात धरले जाते.

‘हायब्रिड’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, हेही ध्यानात ठेवावे. एर्टिगासारख्या गाडीतील ‘स्मार्ट हायब्रिड’ ही सौम्य व्यवस्था आहे. ती इंजिनाला किंचित हातभार लावते, सिग्नलवर इंजिन बंद-चालू करते, पण केवळ विजेवर गाडी चालवू शकत नाही. हायक्रॉस व इन्व्हिक्टोमधील व्यवस्था सबळ हायब्रिडची आहे. दोघींची तुलना करताना केवळ बिरुदावरून मत बनवू नये.

आता घरच्या हिशेबाकडे वळू या. सोयीसाठी पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये व डिझेलचा ९१ रुपये धरला आहे. साध्या पेट्रोल हायक्रॉसचे प्रत्यक्ष ॲव्हरेज ११, हायब्रिडचे १७ आणि डिझेल क्रिस्टाचे १३ किलोमीटर मानले आहे. वर्षाला १५,००० किलोमीटर प्रवास असेल, तर साध्या पेट्रोल गाडीला सुमारे १,४३,००० रुपयांचे इंधन लागेल आणि हायब्रिडला सुमारे ९२,६०० रुपयांचे. बचत वर्षाला सुमारे ५०,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ४,२०० रुपये. डिझेल गाडीचा खर्च सुमारे १,०५,००० रुपये येतो. तिच्याशी तुलना केल्यास हायब्रिडची वार्षिक बचत जेमतेम १२,४०० रुपये उरते. ज्या घरात आधीच सुस्थितीतील डिझेल इनोव्हा आहे, त्या घराने केवळ इंधन वाचवण्यासाठी ती विकावी की नाही, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

हायब्रिडसाठी पाच लाख रुपये अधिक मोजावे लागतात असे धरू. या पाच लाखांत काही वाटा वरच्या श्रेणीतील इतर सुखसोयींचाही असतो, हे विसरू नये. तरीही इंधनाच्या बचतीतून ही रक्कम भरून निघण्यास वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला सुमारे दहा वर्षे लागतात. ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्याला पाच वर्षे पुरतात. वर्षाला ८,००० किलोमीटरच फिरणाऱ्या कुटुंबाला मात्र अठरा वर्षांहून अधिक काळ लागेल. ही वाढीव रक्कम कर्जाने उभी केली, तर ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी तिचा मासिक हप्ता सुमारे १०,४०० रुपये होतो. महिन्याला ४,२०० वाचवण्यासाठी १०,४०० चा हप्ता भरावयाचा, हा व्यवहार दुकानाच्या वहीत कोणी मांडला असता तर घरातील वडीलधाऱ्यांनी तो क्षणात ओळखला असता. गाडीच्या बाबतीत मात्र तो नजरेआड होतो, कारण शोरूममध्ये ‘लिटरला किती’ एवढाच प्रश्न विचारला जातो.

‘लिटरला किती’ हे मापही थोडे फसवे आहे. १,००० किलोमीटरला १० च्या ॲव्हरेजने १०० लिटर लागतात, १५ च्या ॲव्हरेजने सुमारे ६७ आणि २० च्या ॲव्हरेजने ५०. दहावरून पंधरावर आल्यास ३३ लिटर वाचतात, पण पंधरावरून वीसवर आल्यास केवळ १७. वाढ दोन्ही वेळा पाचचीच, बचत मात्र निम्मी. म्हणून सतरा की एकोणीस या वादात गुंतण्यापेक्षा घरातील सर्वांत जास्त पेट्रोल पिणारी जुनी गाडी कोणती, ती रोज कोण वापरते आणि तिची खरोखर गरज आहे का, हे पाहिल्यास अधिक लाभ होतो. दोन गाड्यांतून चार-चार माणसे नेण्याऐवजी एका प्रशस्त गाडीतून आठ जण गेले, तर होणारी बचत कोणत्याही हायब्रिडच्या बचतीपेक्षा मोठी असते.

ॲव्हरेज कमी भरण्याचे एक कारण तर माळशिरस तालुक्याच्या शिवारातच उभे आहे. ते म्हणजे ऊस. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे मिश्रणातील एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. इंजिनाच्या रचनेनुसार ॲव्हरेजमधील प्रत्यक्ष घट त्याहून कमी असू शकते. उसाला भाव मिळावा म्हणून इथेनॉलचे स्वागत करणाऱ्या शेतकरी कुटुंबाने ही घट गाडीच्या माथी मारू नये. २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत याच इनोव्हा हायक्रॉसचे अधिक इथेनॉलवर चालणारे हायब्रिड प्रारूप सादर झाले होते. इथेनॉलमुळे येणारी तूट हायब्रिडच्या काटकसरीने भरून काढावी, ही त्यामागील कल्पना आहे.

ज्यांनी अशी गाडी घेतली आहे, त्यांनी डॅशबोर्डवरील आकड्यापेक्षा वहीवर विश्वास ठेवावा. तो आकडा बहुधा थोडा उदार असतो. शक्यतो एकाच पंपावर टाकी फुल करावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, पुढच्या वेळी पुन्हा फुल करावी आणि मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. ६४० किलोमीटरनंतर ३८.४ लिटर बसले, तर ॲव्हरेज १६.७ झाले. एका टाकीवरून निष्कर्ष न काढता किमान पाच टाक्यांची सरासरी घ्यावी. शेजारी रस्ता, माणसे आणि एसी यांची नोंद ठेवल्यास चढ-उताराचे कारणही कळते.

काळजीच्या गोष्टी थोड्याच आहेत. टायरमधील हवा पंधरवड्याने, टायर थंड असताना तपासावी. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब वेगळा सांगितलेला असतो, तो पाहावा. गरज संपताच कॅरिअर उतरवावे. ब्रेक एकदम दाबण्याऐवजी दुरूनच हळुवार लावावा, म्हणजे अधिक शक्ती बॅटरीत परत जाते. बॅटरीला थंड ठेवणारी हवेची जाळी मालकपुस्तिकेत दाखवलेली असते. तिच्यावर सामान किंवा सतरंजी येऊ देऊ नये आणि धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी सर्व्हिसिंगच्या वेळी ती साफ करून घ्यावी. टोयोटा या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथपर्यंत हमी देते. जुनी हायब्रिड विकत घेणाऱ्याने ही मुदत किती उरली आहे, हे अवश्य पाहावे.

हायब्रिड गाडी शांत चालते, गिअर बदलण्याचा त्रास नसतो, गर्दीत चालकाला थकवा कमी येतो आणि ब्रेकची झीजही कमी होते. या सुखासाठी पैसे मोजण्यात वावगे काही नाही, मात्र त्या खर्चाला बचत म्हणू नये. ज्यांचे वर्षाचे किलोमीटर २५-३० हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतील बरेचसे पुण्यासारख्या शहरात जातात, त्यांना हायब्रिड खरोखर परवडते. ज्यांची गाडी आठवडाभर दारात उभी असते आणि सुट्टीत मोकळ्या महामार्गावरून तीर्थदर्शनाला जाते, त्यांनी वाढीव पाच लाख रुपये अन्य गरजांसाठी राखून ठेवणे अधिक हिताचे. नवी गाडी घेण्याचा विचार असलेल्या प्रत्येक कुटुंबाने आधी आपल्या सध्याच्या गाडीचे मागील वर्षाचे किलोमीटर काढावेत, त्यांतील शहराचे किती आणि महामार्गाचे किती हे ठरवावे, आणि तो कागद सोबत घेऊनच शोरूमची पायरी चढावी.