रहिवासी कोणास म्हणावें ?

शाळेच्या प्रवेशपत्रिकेवर दोन रकाने असतात : एक ‘कायमचा पत्ता’ आणि दुसरा ‘सध्याचा पत्ता’. बहुतेक विद्यार्थी दोहोंत एकच मजकूर लिहून मोकळे होतात. परंतु आमच्या वसतिगृहांतील एक विद्यार्थी या दोन रकान्यांपाशीं बराच वेळ थबकलेला मीं पाहिला. त्याचें गांव बीड जिल्ह्यांत. आईबाप दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडणीसाठीं घराला कुलूप लावून निघणारे. त्याचें स्वतःचें लहानपण निरनिराळ्या साखर कारखान्यांच्या तळांवर, पाचटाच्या कोपींत गेलेलें. आणि आतां वर्षांतील दहा महिने त्याचा मुक्काम वसतिगृहांत. त्यानें मला विचारलें, “सर, मी नेमका राहतों कोठें ?” त्या वेळीं काय लिहावयाचें तें मीं त्यास सांगितलें, परंतु त्याचा प्रश्न त्या उत्तरानें संपला नाहीं असें मला पुढें अनेक दिवस वाटत राहिलें. म्हणून त्याच प्रश्नाचा कांहीं विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

‘राहणें’ हें क्रियापद आपल्या भाषेंत मोठें सोईचें आहे. पाहुणा दोन दिवस राहतो, भाडेकरू अकरा महिने राहतो आणि एखादें कुटुंब त्याच वाड्यांत सात पिढ्या राहतें. घरगुती बोलण्यांत या तिहींचा घोटाळा कोणी करीत नाहीं. परंतु हाच शब्द सार्वजनिक व्यवहारांत आला, म्हणजे त्याच्यावर कर, मत, शाळेंतील जागा, स्वस्त धान्य इत्यादि गोष्टी अवलंबून राहूं लागतात. मग ‘राहतो म्हणजे काय ?’ असें प्रत्येक कचेरी विचारते, आणि प्रत्येक कचेरीचें उत्तर निराळें असतें.

हा घोटाळा आजचा नव्हे. पेशवाईंतील दख्खनच्या गांवांत जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत : मिरासदार आणि उपरी. १८१९ सालच्या आपल्या अहवालांत एल्फिन्स्टननें या दोहोंचें वर्णन केलें आहे. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा. तो परमुलखांत गेला व अनेक वर्षें तिकडेच राहिला, तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. उलट उपरी त्याच गांवांत नांदला, त्याच विहिरीचें पाणी प्याला, तरी तो उपराच. म्हणजे एक जण गांवांत नसूनही गांवकरी आणि दुसरा गांवांत असूनही परका ! ‘उपरा’ हा शब्द आपण आजही कोणत्या सुरांत उच्चारतों हें सांगावयास नको.

याच काळांत पुण्यास आणखी एका प्रकारचा ‘राहणारा’ आला होता. १७८६ सालीं चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा पेशव्यांच्या दरबारांतील पहिला रेसिडेंट म्हणून आला व मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली. रेसिडेंट या शब्दाचा अर्थच मुळीं ‘राहणारा’. तो पुण्यास राही, परंतु त्याची निष्ठा कलकत्त्यास व लंडनला वाहिलेली असे. नोव्हेंबर १८१७ मध्यें खडकीच्या लढाईच्या वेळीं ती रेसिडेन्सी जाळली गेली. तिच्यांतील रेसिडेंट एल्फिन्स्टन हाच पुढें या मुलखाचा कारभारी झाला. केवळ एखाद्या ठिकाणीं वस्ती असणें आणि तेथील सुखदुःखाशीं बांधलेलें असणें, या दोन गोष्टी किती निराळ्या आहेत याचें याहून ठळक उदाहरण सांपडणें कठीण.

आतां आजच्या कायद्यांकडे वळूं. कांहीं कायदे निवास केवळ दिवसांनीं मोजतात. प्राप्तिकराच्या कायद्याची मुख्य कसोटी अशी कीं, ज्यानें वर्षांत १८२ किंवा अधिक दिवस भारतांत काढले तो रहिवासी. येथें नागरिकत्वाचा प्रश्न नाहीं. भारतांत नोकरीस आलेला परदेशी मनुष्य रहिवासी ठरूं शकतो आणि वर्षाचा बहुतेक काळ परदेशी जाणाऱ्या जहाजावर काढणारा रत्नागिरीचा खलाशी अनिवासी ठरूं शकतो. २०१६ सालच्या आधार कायद्यानेंही अर्ज करण्यापूर्वींच्या बारा महिन्यांत १८२ दिवसांची वस्ती पुरेशी मानली. आणि त्याच कायद्यांत असेंही स्पष्ट सांगितलें कीं, आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे.

अधिवासाचा अर्थ याहून खोल. तेथें दिवस पुरे पडत नाहींत. कायमचें घर कोणतें, हें पाहावें लागतें. महाराष्ट्रांत अधिवासाचा दाखला मिळण्यास सामान्यतः १५ वर्षांचें वास्तव्य दाखवावें लागतें, हें उच्च शिक्षणासाठीं अर्ज करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांस चांगलें ठाऊक आहे. या बाबतींत एक जुना खटला लक्षांत ठेवण्याजोगा आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मध्यभारताच्या रहिवाशांस माफ असलेली कॅपिटेशन फी बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून घेतली जाई. दिल्लीच्या एका विद्यार्थ्यानें त्याविरुद्ध दाद मागितली. १९५५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें असें ठरविलें कीं, जन्मस्थान व निवास या भिन्न गोष्टी होत. संविधानाचा १५ वा अनुच्छेद जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई करतो, निवासावरून नव्हे. सरकारी नोकरीच्या बाबतींत मात्र १६ व्या अनुच्छेदानें निवासावरून भेद करण्यासही मनाई केली असून, तिला अपवाद करण्याचा अधिकार फक्त संसदेस दिला आहे. पुढें १९८४ सालीं त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, भारतीयाचा अधिवास एकच, आणि तो भारताचा. प्रांताप्रांतांचे निरनिराळे अधिवास नाहींत. जानेवारी २०२५ मध्यें तर पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या जागा निवासाच्या आधारावर राखून ठेवणें घटनाबाह्य ठरलें. पदवीच्या शिक्षणांत मात्र अशी तरतूद मर्यादेंत चालते.

तिसरा अर्थ मतदाराचा. १९५० सालच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणें मतदार हा त्या मतदारसंघाचा ‘सामान्यतः रहिवासी’ असावा लागतो. हा कायदा दोन गोष्टी मोठ्या मार्मिकपणें सांगतो. पहिली ही कीं, एखाद्या गांवीं केवळ मालकीचें घर आहे एवढ्यानें कोणी तेथील रहिवासी होत नाहीं. दुसरी ही कीं, तात्पुरता बाहेर गेला एवढ्यानें कोणाचें रहिवासीपण जात नाहीं. म्हणजे येथें मालमत्तेस मान नाहीं व दिवसांची मोजदादही नाहीं. माणसाचें सामान्य जीवन कोठें चालतें, हें पाहावयाचें.

इतके निरनिराळे अर्थ पाहून वाचक म्हणतील कीं, सरकारनें एकच व्याख्या करून हा गोंधळ मिटवावा. माझें मत तसें नाहीं. कर वसूल करणाऱ्यास दिवस मोजणें योग्य आहे. वैद्यकीय महाविद्यालयावर खर्च करणाऱ्या राज्यानें, हा विद्यार्थी पुढें येथील रोग्यांच्या उपयोगी पडेल काय, असें पाहणें अवाजवी नाहीं. आणि मत देणाऱ्याचें जीवन त्या गांवाशीं निगडित असावें हेंही योग्यच. हेतु निराळे म्हणून मापें निराळीं. दूध शेरानें मोजावें आणि कापड वारानें. दोष मापें अनेक असण्यांत नाहीं. एका कामाचें माप दुसऱ्या कामास लावणें, आणि जो सर्वांत दुर्बळ त्याच्याकडूनच प्रत्येक वेळीं सर्वांत कडक पुरावा मागणें, हा खरा दोष होय.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आईबापांचेंच पाहा. मुकादमाकडून उचल घेतलेली. ती फेडण्यासाठीं सहा महिने पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत राबावयाचें. तळावर ते परके, कारण त्यांचें नांव तेथील कोणत्याच यादींत नाहीं. गांवीं नांव आहे, परंतु गांवांत ते नाहींत. महाराष्ट्राच्या विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजीं झालें. तो ऊंसतोडणीच्या हंगामाच्या तोंडावरचा दिवस. तात्पुरत्या गैरहजेरीनें रहिवासीपण जात नाहीं असें कायदा म्हणतो खरें, आणि यादींतील नांवही राहतें. परंतु मत देण्यास गांवच्या केंद्रावर स्वतः उभें राहावें लागतें. दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचें भाडें पदरचें घालून किती जण परततील ? ज्याचा हक्क कागदावर शाबूत आणि हातांत मात्र येत नाहीं, त्यास हक्क आहे असें कोणत्या तोंडानें म्हणावें ?

यावर कोणी म्हणतील, ही अडचण निसर्गाची, कायदा तिला काय करणार ? कायद्याला पुष्कळ करतां येतें. सीमेवरील शिपायाचेंच पाहा. तो घरापासून हजार मैल दूर असतो; तरी तो नोकरींत नसता तर जेथें राहिला असता तेथीलच रहिवासी कायद्यानें त्यास मानलें आणि टपालानें मत देण्याची सोय केली. शिपायाबद्दलचा हा आदर सर्वथा उचित आहे. धान्याचेंही तसेंच. पूर्वीं शिधापत्रिका ज्या दुकानाशीं जोडलेली, तेथेंच धान्य मिळे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली आणि मजुराचें धान्य मजुराबरोबर हिंडूं लागलें. मुलांच्या शिक्षणाच्या २००९ सालच्या कायद्यानेंही स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळवून देणें हें स्थानिक संस्थांचें कर्तव्य ठरविलें. वयाचा दाखला नाहीं म्हणून मूल परत पाठविण्यास मनाई केली. मताच्या बाबतींत निवडणूक आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें दूरच्या ठिकाणाहून मत देतां येईल अशा यंत्राचा नमुना केल्याचें जाहीर केलें होतें. परंतु राजकीय पक्षांचें त्यावर एकमत झालें नाहीं.

याच्या शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. राज्यसभेचा सभासद ज्या राज्याच्या वतीनें निवडून येतो, त्या राज्याचा तो मतदार असलाच पाहिजे, अशी अट पूर्वीं होती. २००३ सालीं ती काढून टाकण्यांत आली आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल वैध ठरविला. त्याचीं कारणें असतील व तीं पटण्याजोगींही असतील. परंतु प्रतिनिधीसाठीं निवासाची गांठ सैल करणें ज्यांना साधलें, त्यांना मजुरासाठीं ती थोडी सैल करणें अशक्य कां वाटावें, हें मला उमगत नाहीं.

दुसऱ्या बाजूचें म्हणणें मला नाकारावयाचें नाहीं. नियम सैल झाले कीं खोट्या पत्त्यांवर नांवें घुसडणारे पुढें येतात आणि खऱ्या रहिवाशांचें मत पातळ होतें, ही भीति निराधार नाहीं. म्हणूनच एका मनुष्यानें दोन ठिकाणीं मतदार होऊं नये असा नियम आहे, आणि मतदारयादीसाठीं जाणूनबुजून खोटें निवेदन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा सांगितलेली आहे. ती अंमलांत यावी. परंतु लबाडाला अडविण्यासाठीं लावलेल्या कुंपणांत प्रामाणिक मजूरच अडकत असेल आणि लबाड पलीकडून जात असेल, तर कुंपणाची जागा तपासून पाहिली पाहिजे.

‘गांव करी तें राव न करी’ अशी आपली म्हण आहे. मग गांव म्हणजे कोण ? केवळ मिरासदार कीं उपरीही ? माझ्या मतें जो तेथें घाम गाळतो, तेथील पाण्याची टंचाई ज्याच्या घागरीला जाणवते, तेथील शाळा बंद पडली तर ज्याचें मूल घरीं बसतें, तो रहिवासी. कागद हा त्या गोष्टीचा साक्षीदार असावा. त्यानें न्यायाधीशाच्या आसनावर बसूं नये.

वसतिगृहांतील विद्यार्थ्यांस शेवटीं एक सांगावेंसें वाटतें. तुमच्यापैकीं पुष्कळ जण लौकरच महाविद्यालयाच्या वसतिगृहांत जातील व तेथें असतांना १८ वर्षांचे होतील. अशा विद्यार्थ्यांस आपलें नांव आईबापांच्या घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदविण्याची मोकळीक आहे. मात्र दोहोंपैकीं एकाच ठिकाणीं. निवड करतांना सोय पाहूं नका. कोणत्या गांवाच्या बऱ्यावाइटाचें उत्तर देण्यास तुम्ही तयार आहां, हें आपल्या मनास विचारा आणि तेथें नांव लिहा. आणि उद्यां तुमच्यापैकीं कोणी कचेरींत खुर्चीवर बसला, व समोर एखादा मजूर अपुरे कागद घेऊन उभा राहिला, तर त्याला हांकलण्यापूर्वीं, या कामासाठीं नेमका किती पुरावा लागतो, एवढें एकदां पाहून घ्या.

त्या विद्यार्थ्याच्या पत्रिकेवर आम्हीं ‘कायमचा पत्ता’ म्हणून त्याचें गांव लिहिलें व ‘सध्याचा पत्ता’ म्हणून वसतिगृह. कारखान्याच्या तळासाठीं त्या पत्रिकेंत रकाना नव्हता. परंतु त्याचे आईबाप या क्षणींही तेथेंच आहेत.