एकच पडदा पुरे!

‘संगणकावर गाणे तयार करायचे आहे, पण घरी मॉनिटर एकच आहे. दुसरा घ्यावा लागेल का? आणि सॉफ्टवेअर कोणते निवडावे?’ स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की असे प्रश्न हमखास कानावर येतात. ध्वनिमुद्रण-कक्षांच्या छायाचित्रांत दोन-दोन, तीन-तीन पडदे शेजारी मांडलेले दिसतात. ते पाहून आपल्या एकुलत्या एका पडद्याची लाज वाटू लागते. विद्यार्थी मित्रहो, माझे मत आधीच सांगून टाकतो : दुसऱ्या पडद्याची घाई करू नका. एका पडद्यावर नीट चालणारे सॉफ्टवेअर निवडा, आणि वाचलेले पैसे कानांसाठी खर्च करा. हे मत केवळ काटकसरीचे नाही. त्याला पदार्थविज्ञानाचा आधार आहे.

थोडे गणित करू. माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. ध्वनी संगणकात साठवताना तरंगाची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजावी लागते. सीडीसाठी ही संख्या ४४,१०० आहे. म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्यात, एका वाहिनीपुरती, १८० × ४४,१०० = ७९,३८,००० मापे झाली. आता नेहमीच्या मॉनिटरवर एका आडव्या ओळीत १,९२० चित्रबिंदू असतात असे धरा. सबंध गाणे पडद्यावर मांडले, तर एकेका चित्रबिंदूच्या वाट्याला सुमारे ४,१३४ मापे येतात! दुसरा पडदा जोडून गाणे दोन्हींवर पसरले, तरी ती २,०६७ उरतात; म्हणजे सेकंदाचा जवळजवळ एकविसावा भाग. तेवढ्या अवधीत ४४० हर्ट्झचा स्वर वीस कंपने पूर्ण करून मोकळा होतो, आणि ती सारी एका चित्रबिंदूत गडप झालेली असतात.

यावरून काय दिसते? पडदा कितीही रुंद करा, त्यावर दिसतो तो ध्वनीचा गोषवारा. बारकावा पाहायचा तर चित्र मोठे करावे लागणार, आणि पुन्हा लहान करून सबंध गाणे पाहावे लागणार. तेव्हा खरा प्रश्न ‘एकाच वेळी किती दिसते’ हा नसून ‘एका दृश्यावरून दुसऱ्यावर किती चटकन जाता येते’ हा आहे.

डोळ्यांचेही असेच आहे. या पानावरील एका शब्दावर नजर स्थिर ठेवा आणि ती न हलवता चार बोटे पलीकडचा शब्द वाचून पाहा. वाचता येत नाही ना? आपली सुस्पष्ट दृष्टी जेमतेम दोन अंशांच्या कोनात सामावते. हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख दिसते तेवढीच! दोन पडदे समोर असले, तरी नीट पाहिला जातो त्यांतल्या एकाचा लहानसा तुकडा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधला, की ध्वनीचे डावे-उजवे उत्तम कळते. टेबलावर दोन मॉनिटर मांडले, की स्पीकर एक तर फार दूर सरकतात, नाही तर पडद्यांच्या आड जातात. ५,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ सेंटिमीटर असते. एवढ्या लहान तरंगांना अर्धा मीटर रुंदीचा पडदा म्हणजे भिंतच. आड गेलेल्या स्पीकरचे तीव्र स्वर मंदावतात. म्हणजे पाहण्याची सोय करताना आपण ऐकण्याचीच गैरसोय करून घेतो.

आता निवडीकडे वळू. पहिली कसोटी : सारे काम एकाच चौकटीत बसते का? ‘एबलटन लाइव्ह’मध्ये गाण्याच्या मांडणीची दोन दृश्ये आहेत आणि ‘टॅब’ची एक कळ दाबताच ती अदलाबदल करतात. दुसरी कसोटी : खिडक्यांची मांडणी लक्षात ठेवता येते का? ‘रीपर’मध्ये ध्वनिमुद्रणाची एक आणि आवाजांच्या मिश्रणाची दुसरी, अशा मांडण्या साठवून एका कळीसरशी परत आणता येतात. ‘एलएमएमएस’ मोफत आहे आणि शिकण्यास चांगले आहे; परंतु त्याच्या लहान लहान खिडक्या एकमेकींवर चढतात, तेव्हा नको त्या बंद करण्याची सवय लावून घ्यावी लागते. केवळ आवाज मुद्रित करून कापायचा-जोडायचा असेल, तर मोफत मिळणारे ‘ऑडेसिटी’ पुरेसे आहे. तिसरी कसोटी सर्वांत साधी : तुमच्या स्वतःच्या पडद्यावर त्यातील अक्षरे डोळे न ताणता वाचता येतात का? हे जाहिरातीतून कळत नाही. विकत घेण्यापूर्वी चाचणी-आवृत्तीवर एक सबंध गाणे करून पाहा.

दुसरा पडदा सर्वथा निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. चित्रपटाला पार्श्वसंगीत देणाऱ्याला एकीकडे चित्र सतत दिसावे लागते. शंभर-शंभर वाद्यपट्ट्या हाताळणाऱ्याचीही त्याने सोय होते. पण शाळेच्या समूहगीतात हार्मोनियम, तबला आणि दहा-बारा गळे असतात. तेवढ्यासाठी पडद्यांची रांग कशाला? त्याच पैशांत तारेचे चांगले हेडफोन किंवा बरा मायक्रोफोन येऊ शकेल. मुद्रणातच राहिलेला दोष दहा पडदे लावले तरी पुरता जात नाही.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. शाळेत संगणक एकच आहे म्हणून असा उपक्रम सोडून देऊ नका. एक विद्यार्थी कळा दाबील, बाकीचे ऐकतील. आणि ऐकणाऱ्यांचेच काम अधिक अवघड आहे!

शेवटी एक प्रयोग. गाणे पूर्ण झाले असे वाटले, की मॉनिटर बंद करा आणि ते सुरुवातीपासून ऐका. तबला गाण्यावर चढतो आहे, एक गळा मागे पडतो आहे, हे अंधाऱ्या पडद्यासमोर अधिक चांगले उमगते. कारण पुढे काय येणार ते डोळे आधीच सांगून टाकत नाहीत. संगीताचा निवाडा अखेर कानानेच करायचा असतो. पडदा हा केवळ साक्षीदार, आणि साक्षीदार एकच असला तरी चालतो. न्यायाधीश मात्र जागा हवा!