भोपळ्यावर कुणाचा चेहरा?

ऑक्टोबर संपत आला की आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "टीचर, शाळेत हॅलोविन आहे. आपणपण करायचं का?"

गेल्या वर्षी हा प्रश्न पालकांच्या बैठकीपर्यंत गेला. एक आई म्हणाली, हे सैतानाचं खूळ आहे, ख्रिस्ती मुलांनी त्यापासून चार हात लांबच राहावं. एक वडील म्हणाले, शाळेत तर मुलं करतातच, इथे नाही म्हणून काय थांबणार आहेत? बरीच चर्चा झाली आणि शेवटी तोडगा निघाला: भोपळा कोरायचा नाही, रंगवायचा. सुरी नको, आत मेणबत्ती नको, विचकलेले दात नकोत. सगळ्यांचं समाधान झालं. माझंही झालं.

कोरण्यापेक्षा रंगवणं बरं, हे मी आजही म्हणेन. लाल भोपळ्याची साल टणक असते, तिच्यावरून सुरी घसरते. पंचवीस-तीस मुलांच्या हातात सुऱ्या देऊन कुठल्या शिक्षिकेचा जीव थाऱ्यावर राहील? शिवाय आपल्याकडच्या हवेत कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांत सडतो, त्यावर चिलटं घोंघावतात आणि तो उकिरड्यावर जातो. ज्या गावात एका भोपळ्यावर चार माणसांचं जेवण होतं, तिथे शोभेसाठी अन्न सडवणं मला पटत नाही. न कापलेला भोपळा मात्र कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो. गेरू, हळद, चुना, काजळी असल्या घरातल्या रंगांनी रंगवला, तर नंतर धुऊन, जाड साल काढून भाजीही करता येते.

तर हुबळीच्या जनता बाजारातून भोपळे आणले. रविवारच्या मिस्सानंतर मुलं रंगवायला बसली. काय रंगवायचं, हे मात्र आम्हा मोठ्यांपैकी कुणीही ठरवलं नव्हतं.

अर्ध्या तासाने मी फिरून पाहिलं. एकाने राज्योत्सव जवळ आला म्हणून अख्खा भोपळा लाल-पिवळा करून टाकला होता. त्याचं मला हसू आलं. पण निम्म्याहून जास्त भोपळ्यांवर एकच चेहरा होता: बटाट्याएवढे डोळे, झुबकेदार मिशा, बाहेर आलेले सुळे आणि लोंबणारी लाल जीभ. हा चेहरा अमेरिकेतून आलेला नव्हता. आमच्या वर्गाच्या खिडकीतून एक अर्धवट बांधलेलं घर दिसतं. त्याच्या पुढच्या खांबाला असाच रंगवलेला कोहळा टांगलेला आहे. मुलांना माहीत असलेला रंगीत भोपळा हाच. त्यांनी तो मन लावून काढला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कोरायचा की रंगवायचा यावर आम्ही तासभर वाद घातला, पण खरा प्रश्न बाजूलाच राहिला. सुरीच्या जागी कुंचला आला, चेहरा भीतीचाच राहिला.

आपल्या भागात कोहळ्याचा आणि भीतीचा संबंध जुना आहे. नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून कोहळा टांगतात. आयुधपूजेला कुंकू भरलेला कोहळा गाडीपुढे, दुकानापुढे फोडतात. हे आपल्या शेजाऱ्यांचे रिवाज आहेत. त्यांच्या मनात आपल्या कष्टाच्या कमाईची काळजी असते, आणि ती काळजी मला कळते. म्हणून त्यांची टिंगल करायची नाही, हे मी मुलांना पहिल्यांदाच सांगितलं. रस्त्यात फोडलेल्या कोहळ्यावरून दुचाकी घसरते, तो भाग वेगळा. तिथे झाडू घेऊन रस्ता साफ करायला आपणही पुढे व्हावं.

पण वर्गातला एक मुलगा हात वर करून उभा राहिला. त्यांचं घर बांधून होत आलं होतं. "टीचर, गवंडीमामा म्हणतात, दृष्टी गोंबे बांधल्याशिवाय वरचा स्लॅब टाकायचा नाही. पप्पा म्हणतात बांधू दे, काय बिघडतं? आजी म्हणते आपण ख्रिस्ती आहोत. कुणाचं ऐकायचं?"

मी लगेच उत्तर देऊ शकले नाही. प्रश्न भोपळ्याचा नव्हता. आयुष्यभराची पुंजी लावून उभ्या केलेल्या घराला कुणाचा आधार आहे, हा प्रश्न होता. मी त्याला एवढंच म्हटलं, गवंडीमामांशी भांडू नका. त्यांना चहा द्या आणि शांतपणे सांगा, की आमच्या घरासाठी आम्ही प्रार्थना करतो, फादर येऊन आशीर्वाद देतात, आम्हाला तेवढं पुरेसं आहे.

घरी आल्यावर मात्र माझीच मला शंका आली. दारावरचा क्रूस आपणही तसाच टांगलेला नसतो का? नजर लागू नये, चोर येऊ नये, पोराला नोकरी लागावी म्हणून? गळ्यातलं पदक हरवलं की आता काहीतरी वाईट होणार, असं मनात येत नाही का? क्रूस हा काही कोहळ्याच्या जागी लावायचा दुसरा ताईत नाही. त्यावरचा चेहरा कुणाला घाबरवून पळवत नाही. स्वतःला मारणाऱ्यांसाठीही त्याने क्षमा मागितली. कोहळा नको म्हणणं सोपं आहे, पण मनातली भीती तिथेच राहिली तर आपण फक्त टांगायची वस्तू बदलली.

हॅलोविनचंही तसंच झालं आहे. या शब्दाचा मूळ अर्थ सर्व पवित्र जनांच्या सणाची पूर्वसंध्या. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी रोममध्ये सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनागृह अर्पण केलं. पुढे १ नोव्हेंबरचा सण सगळीकडे पसरला. क्लुनीच्या मठाचे प्रमुख संत ओदिलो यांच्यापासून २ नोव्हेंबरला मृत भाविकांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा रुजली. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथले लोक अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांना तिथला मोठा, मऊ गराचा भोपळा सापडला. सण आपल्या घरातलाच आहे. बाजाराने त्यातले संत काढून घेतले आणि भुतं ठेवली. मग आपण भुतांना घाबरून सणच टाकून द्यायचा का? मला वाटतं, नाही. सर्व संतांच्या सणाला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते. मुलांना मिस्साला आणायला याहून चांगली सोय कुठे मिळणार?

आणि रंगवलेला भोपळा तर आपल्याला मुळीच परका नाही. रोममध्ये जमिनीखाली पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमी आहेत, त्यांना कॅटाकोम्ब म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या शतकात तिथल्या भिंतींवर योना संदेष्ट्याची चित्रं काढली गेली. योना मांडवाखाली निवांत पहुडला आहे आणि वर वेलाला लांबट भोपळे लोंबत आहेत. आपला दुधी असतो तसे. लाल भोपळा तेव्हा युरोपला ठाऊकच नव्हता. योना तीन दिवस माशाच्या पोटात होता आणि बाहेर आला. प्रभू येशूने आपल्या पुनरुत्थानाची खूण म्हणून त्याचंच नाव घेतलं. म्हणून त्या लोकांनी आपल्या आईवडिलांच्या, लेकरांच्या थडग्यांजवळ भोपळ्याचा वेल रंगवला. छळाचे दिवस होते. भीती त्यांनाही होती. तरी त्यांनी भिंतीवर सुळे रंगवले नाहीत, सावली रंगवली.

हा वेल ख्रिस्तसभेत एकदा भांडणालाही कारण झाला. संत जेरोम यांनी बायबलचं नवं लॅटिन भाषांतर करताना योनाच्या भोपळ्याच्या जागी आयव्हीचा वेल घातला. आफ्रिकेतल्या एका चर्चमध्ये ते वाचलं गेलं आणि लोकांनी एवढा गोंधळ केला, की तिथल्या बिशपांवर माणसंच गमावण्याची वेळ आली. संत ऑगस्टीन यांनी इ.स. ४०३ च्या सुमारास पत्र लिहून हे जेरोमना कळवलं. आम्हीही बैठकीत कोरणं आणि रंगवणं यावर तसेच भांडलो. योनाच्या गोष्टीत मात्र देव वेलाच्या नावाबद्दल काहीच बोलत नाही. तो विचारतो, की एका वेलासाठी तू एवढा हळहळतोस, मग एवढ्या मोठ्या नगरातल्या माणसांची मला दया येऊ नये का?

त्या रविवारी पाचवीतली एक मुलगी कोपऱ्यात बसली होती. तिच्या भोपळ्यावर चष्मा होता, कपाळावर सुरकुत्या होत्या, नाकात चमकी होती. "ही आमची आजी," ती म्हणाली. आजी उपवासकाळात वारली होती. मुलांनी वाकून पाहिलं आणि एक-एक जण विचारू लागला, "टीचर, मी माझ्या काकांचा काढू?" "आमच्या बाळाचा काढला तर चालेल?" काहींनी मिशा पुसून त्यावर नवं तोंड काढलं. मी कुणाला काही शिकवलं नव्हतं.

दोन तारखेला दफनभूमीतली मिस्सा झाल्यावर आम्ही ते भोपळे कापले. बायकांनी भाजी आणि घारगे केले, आणि सगळ्यांनी मिळून खाल्ले. त्या मुलीने आपला भोपळा कापू दिला नाही. मीही आग्रह केला नाही. नाताळच्या सुमारास तिची आई भेटली. म्हणाली, बुडाला मऊ पडायला लागला होता, तेव्हा तिनेच सांगितलं, आता कापू या, आजीला काही वाया गेलेलं आवडायचं नाही. बिया तिने धुऊन, वाळवून ठेवल्या आहेत.

यंदाही आपल्या वर्गात भोपळे रंगवले जातील. पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाला रंग देण्याआधी त्याला घरातल्या एखाद्या गेलेल्या माणसाची किंवा त्याच्या नावाच्या संताची गोष्ट सांगा. गोष्ट कळली की चेहरा मूल आपोआप शोधतं. आणि दोन तारखेला जेवायला या, येताना शेजाऱ्यांनाही घेऊन या.

हे प्रभू, आमच्या दारावरची आणि मनातली भीती तू काढून घे. आमच्या गेलेल्या माणसांना तुझ्या सावलीत विसावा दे, आणि आमच्या लेकरांना तुझा चेहरा ओळखायला शिकव. आमेन.