दहा सेकंदांत कावळ्याची तहान

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट ठाऊक नाही असे मूल मराठी घरात सापडणे कठीण. रांजणाच्या तळाशी पाणी, चोच पोचत नाही, मग एकेक खडा! इसापाच्या या गोष्टीवर दहा सेकंदांचा एक खेळ मुलांना घरच्या संगणकावर स्वतः तयार करता येतो. तो खेळायला कीबोर्ड लागत नाही की माउस. कॅमेऱ्यापुढे हात हलवायचा, की पडद्यावरचा कावळा खडा टाकतो.

यासाठी लागते ‘स्क्रॅच’ हे सॉफ्टवेअर. अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबने ते तयार केले आणि २००७ पासून ते सर्वांना मोफत मिळते. त्यात आज्ञा टाइप करायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. ‘व्हिडिओ सेन्सिंग’ या गटातील ठोकळे कॅमेऱ्याचे काम पाहतात. संगणकाला हात म्हणजे काय हे मुळीच कळत नाही. कॅमेऱ्यातले आताचे चित्र आणि क्षणापूर्वीचे चित्र यांत किती फरक पडला, एवढेच तो शून्य ते शंभर या आकड्यांत सांगतो. मागचा पडदा वाऱ्याने हलला तरी त्याच्या लेखी ती हालचालच! म्हणून पाठीमागे साधी भिंत आणि खोलीत भरपूर उजेड हवा.

खरी अडचण पुढेच येते. हालचाल दिसली की खडा पडावा, एवढाच नियम ठेवला तर मुले दोन्ही हात गरागरा फिरवतात आणि पाच सेकंदांत रांजण भरतो. मग गोष्टीतल्या कावळ्याचे डोके कुठे राहिले? यावर उपाय सोपा आहे. हालचालीचा आकडा वीस ते पन्नासच्या दरम्यान असेल तर खडा रांजणात पडावा. त्यापुढे गेला तर बाहेर. शिवाय एक खडा टाकल्यावर आकडा पाचच्या खाली येईपर्यंत, म्हणजे हात स्थिर होईपर्यंत, दुसरा खडा मिळू नये. हे आकडे खोलीनुसार थोडे बदलावे लागतात. घड्याळ दहा सेकंद मोजत असताना हात आवरणे मोठ्यांनाही जड जाते.

रांजणात आधी पाणी किती दाखवायचे? चित्रांत ते नेहमी अगदी तळाशी असते आणि तिथेच गफलत आहे. साधारण सारख्या आकाराचे गोल खडे काठापर्यंत भरले तरी त्यांच्यामधली सुमारे चाळीस टक्के जागा मोकळी राहते. पाणी त्याहून कमी असेल तर ते फटींतच मुरते आणि कावळा तहानलेलाच राहतो. खेळात रांजण निम्मा भरलेला ठेवावा. काचेच्या पेल्यात खडे टाकून हे आधी पाहिले तर उत्तम.

कावळ्याला हे खरोखरच जमते का, असे मुले विचारतातच. क्रिस्टोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘रूक’ या कावळ्याच्याच कुळातील पक्ष्यांपुढे अर्धवट पाणी भरलेली नळी ठेवली होती, वर तरंगती अळी. पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणले आणि अळी मटकावली. मोठे दगड निवडले की काम लवकर होते, हेही ते शिकले. खेळात लहान आणि मोठे असे दोन खडे ठेवले तर ही निवड मुलांनाही करावी लागेल.

आजीला खेळवायचे असेल तर वीसचा आकडा दहावर आणावा. तिच्या सावकाश हाताचा खडा मग रांजणातच पडतो.