हिरवा गालिचा कोणासाठी?

खारघरमध्ये तासावर भाडे आकारणारी टर्फ आता नवलाईची राहिलेली नाहीत. चारी बाजूंनी जाळी, वर दिव्यांचा झगमगाट आणि खाली प्लास्टिकचे हिरवे गवत. हीच हौस आता रो-हाऊसच्या परसात शिरू पाहत आहे. घरामागे वीस बाय तीस फुटांची मोकळी जागा असली, की मुलांसाठी तेथे छोटेखानी कोर्ट बसवून घ्यावे असे पालकांना वाटते. त्यात आपल्या समाजातून शिकून, नोकरी-व्यवसायात स्थिरावून येथे आलेली कुटुंबेही आहेत. ज्यांच्या आजोबांना गावकुसाच्या आत पाऊल टाकताना दहा वेळा विचार करावा लागे, त्यांच्या नातवंडांना स्वतःचे अंगण मिळाले, याचा आम्हाला आनंदच आहे. या हौसेला नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. परंतु खिशात हात घालण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार झालाच पाहिजे. हे गवत म्हणजे नेमके काय, ही पहिली. आणि ते अंथरून आपण कशाला पाठ दाखवतो, ही दुसरी.

कृत्रिम गवत म्हणजे प्लास्टिकचे धागे विणलेला गालिचा. तो नुसता मातीवर अंथरून चालत नाही. आधी माती उकरावी लागते, खडी आणि कच दाबून भरावी लागते, पाणी वाहून जाईल असा उतार द्यावा लागतो. मग पट्टे जोडून त्यांत वाळू किंवा रबराचे दाणे भरतात. खारघरच्या डोंगरावरून पावसाळ्यात पाणी कसे धावत खाली येते, हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. ठेकेदार काम उरकण्यासाठी खाली सलग काँक्रीट ओततो, तेव्हा पाणी मुरण्याची वाट बंद होते आणि ते शेजाऱ्याच्या दारात जाते. रबराचे दाणे तर बहुधा जुन्या टायरांचेच असतात. युरोपीय संघाने 2023 साली कायदा करून अशा दाण्यांची विक्री 2031 पासून बंद करण्याचे ठरवले आहे, कारण ते झिजून सूक्ष्म प्लास्टिक होऊन माती-पाण्यात मिसळतात. जे युरोपला नकोसे झाले, ते आपल्या लेकरांच्या पायाखाली का असावे?

शिवाय हे गवत उन्हात तापते. जिवंत गवत पाणी सोडून स्वतःला थंड ठेवते, प्लास्टिकला ती सोय नाही. भर दुपारी त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जाऊ शकतो. खारघरच्या उन्हाची थट्टा करू नये. 16 एप्रिल 2023 रोजी याच खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्यावर बसलेल्या माणसांपैकी 14 जणांचे प्राण उष्माघाताने गेले. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना दुपारी टर्फवर सोडणाऱ्या आईवडिलांनी ही आठवण ठेवावी.

आता दुसरी गोष्ट. खेळाचे गवत आणि जात यांचे नाते या महाराष्ट्रात जुने आहे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबाचे मैदान राखण्यासाठी महिना चार रुपयांवर एक चर्मकार तरुण राबत होता. तोच खेळपट्टी लोळवी, जाळी बांधी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. तो तरुण म्हणजे पळवणकर बाळू. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळण्यासाठी 1923 साल आणि त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांची वाट पाहावी लागली. संघात घेतल्यावरही चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात! बाळूंना क्रिकेट कोणी शिकवणी लावून दिले नाही. मैदानावर वावरायला मिळाले, म्हणून ते मिळाले. तासाचे भाडे मोजल्याशिवाय फाटक उघडत नाही अशा टर्फवर उद्याचा बाळू शिरणार कसा?

हॉकीत हे घडून गेले आहे. 1976 साली मॉन्ट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि सात सुवर्णपदके जिंकलेला भारत सातव्या स्थानावर फेकला गेला. खेड्यापाड्यांत मातीवर घडलेल्या पोरांपाशी कौशल्य होते, पण तसे मैदान नव्हते.

खारघरला जागेचा तोटा होता काय? 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोच्या या शहरासाठी 95 गावांची जमीन घेण्यात आली. त्याच खारघरमध्ये गोल्फ कोर्स झाला, सेंट्रल पार्क झाले, फुटबॉलचे मोठे केंद्र उभे राहिले. त्यांचा आम्हाला द्वेष नाही. परंतु बेलपाडा, कोपरा, ओवे या गावांतील पोरांनी, डोंगरावरच्या आदिवासी पाड्यांतील मुलांनी आणि इमारतींवर राबणाऱ्या बांधकाम मजुरांच्या लेकरांनी रोज संध्याकाळी फुकट कोठे खेळावे, हा प्रश्न गोल्फ कोर्सने सुटत नाही.

येथेच खरा धोका आहे. ज्याला अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्याला जाब विचारता येतो, तोच वर्ग आपल्या मुलाला परसात खेळवू लागला की सार्वजनिक मैदानाचा वाली उरत नाही. नगरपालिकांच्या शाळांचे हेच झाले. बोलणाऱ्यांची मुले तेथून निघाली आणि शाळा ओस पडल्या. मैदान कोणी हिसकावून घ्यावे लागत नाही. त्याच्याकडे पाठ फिरवली तरी पुरते. मग तेथे गाड्या उभ्या राहतात, मंडप पडतात, राडारोडा साचतो.

म्हणून ज्यांना परसात कोर्ट करायचे आहे, त्यांनी अवश्य करावे. पण काँक्रीट टाळावे, टायरचे दाणे नाकारावेत, वाळूवर भागवावे, वर सावली धरावी आणि रात्री दिवे वेळेवर मालवावेत. त्याहून मोठे काम म्हणजे घरकाम करणाऱ्या ताईच्या मुलाला आणि वॉचमनच्या मुलीलाही त्याच जाळीच्या आत, त्याच संघात घ्यावे. चेंडू आणून देण्यासाठी नव्हे, खेळण्यासाठी. आणि एवढ्यावर समाधान मानू नये. 2016 पासून खारघर पनवेल महानगरपालिकेत आहे. आपल्या सेक्टरमध्ये खेळासाठी राखीव भूखंड कोणते, ते आज कोणाच्या ताब्यात आहेत आणि तेथे प्रवेशाला पैसे का पडतात, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. चवदार तळ्याचे पाणी विकत मिळावे म्हणून बाबासाहेब महाडला गेले नव्हते. ते सर्वांचे होते, म्हणून आपलेही होते. मैदानाचा न्याय याहून वेगळा नाही.