सही आमची, कागद साहेबाचा!



गिरणीतली पाळी संपवून आपण घरी येतो. पोरगं दप्तरातून एक कागद काढतं, म्हणतं, ‘बाबा, सही करा.’ कागद सगळा इंग्रजीत. वर ‘ॲडमिशन’, मधे ‘टर्म फी’, खाली ‘डिपॉझिट’ आणि ‘ॲक्टिव्हिटी चार्जेस’. पैसे कुणाच्या पगारातून जाणार? आमच्या! सही कुणाची? आमची! मग कागदाची भाषा तेवढी आमची का नाही?

आम्ही सातारा-सांगलीकडची माणसं. इंग्रजी शब्दाचा आम्हाला विटाळ नाही. गिरणीत आम्ही बॉबिनची बाबीन केली, शाळेत मास्टरचा मास्तर केला. ‘पास’ला ‘ना’ जोडून ‘नापास’ही आम्हीच केला! आणि ‘बोर्डिंग’? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. जातपात बाजूला सारून पोरं एका पंगतीला बसली. तेव्हापासून आमच्या मुलखात बोर्डिंग म्हणजे गरिबाच्या लेकराला भाकरी आणि अक्षर देणारे घर. शब्द इंग्रजाचा, पण त्यात जीव ओतला रयतेने!

इंग्रजी शिकण्यालाही आमचा विरोध नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेब आंबेडकरांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तीच इंग्रजी त्यांनी पुढे हत्यारासारखी वापरली. आमच्या पोरांनीही ती शिकावी, खणखणीत शिकावी.

आमचे भांडण वेगळे आहे. शब्दाने दार उघडले तर तो आमचा. शब्दाची कडी करून आमच्याच तोंडावर दार लावले तर ती कडी आम्ही तोडणार!

ही कडी जुनी आहे. इंग्रजी अमलात मराठी सातवीच्या परीक्षेला ‘व्हर्नाक्युलर फायनल’ म्हणत. हा शब्द निघाला लॅटिन ‘व्हर्ना’पासून. व्हर्ना म्हणजे धन्याच्या घरी जन्मलेला गुलाम! आमच्या आईच्या भाषेवर हा शिक्का, आणि तो मिरवत आमचे आजे-पणजे मास्तर झाले.

कोणी म्हणेल, शाळेच्या कारभाराला मराठीत शब्दच नाहीत. नाहीत? प्रवेश, इयत्ता, हजेरी, दाखला, पावती, अनामत हे काय आकाशातून पडले? आणि ‘नादारी’? हा शब्द अडाणी बापालाही ठाऊक होता, म्हणून तो हेडमास्तरांकडे जाऊन ‘पोराला नादारी द्या’ असे सांगू शकत होता. आता कागदावर ‘फ्रीशिप’ आणि ‘कन्सेशन’. ज्या सवलतीचे नावच कळत नाही ती मागायची कशी? शब्द गेला की हक्कही हातचा जातो, बंधूंनो!

सरकारी पंडितांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘शुल्क प्रतिपूर्ती’ म्हणजे काय हे किती आयांना कळेल? ‘फी परत मिळेल’ असे सरळ लिहायला काय धाड भरली आहे? इंग्रजीची कडी काढून संस्कृताची घातली, तर दार बंदच राहिले ना!

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसे हुतात्मा झाली, त्यांत गिरणी कामगार होते. १ मे १९६० रोजी राज्य आले. २०२० साली दहावीपर्यंतच्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे करणारा कायदा झाला. चांगले झाले. पण मराठी वर्गात शिरली आणि कितीक शाळांच्या कचेरीबाहेर ताटकळत राहिली. हुतात्म्यांनी रक्त सांडले ते काय तासाभराच्या विषयासाठी?

म्हणून आमची मागणी ऐका. पालकाच्या हाती पडणारा प्रत्येक कागद सोप्या मराठीत हवा. फीची प्रत्येक बाब मराठीत हवी. सवलतींचा फलक मराठीत, शाळेच्या दारावर, सगळ्यांना दिसेल असा हवा. पालकसभा मराठीत हवी.

आणि आजपासून एक करा. न कळणाऱ्या कागदावर मुकाट्याने सही करू नका. एकटे जाऊ नका, आळीतले दहा पालक मिळून जा आणि ठणकावून सांगा,

आधी मराठीत कागद, मगच सही!

जय महाराष्ट्र!