एका खिट्टीसाठी

आमच्या सोलापुरात चादर घेताना माणूस ती आधी उलटून पाहतो. वरून दोन चादरी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पण उलटी बाजू आणि कडेची शिवण पाहिली की कोणती धुण्याला टिकेल याचा अंदाज येतो. जुना, रोलचा कॅमेरा घ्यायचा झाला तर हीच रीत बरी, असे माझे मत बनले आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला या उठाठेवी कुणी सांगितल्या, असे वाचक विचारतील. उत्तर एकच : घरात कॉलेजात जाणारी मुलगी आहे. या पिढीच्या हातातल्या फोनला पाठीमागे तीन-तीन डोळे असतात. तरी तिला छत्तीस फोटोंचा रोल भरायचा कॅमेरा हवा, आणि तोही ‘एसएलआर’च हवा.

या एसएलआरला मराठीत ‘एकभिंगी परावर्ती’ असे काहीसे म्हणता येईल. पण तसे मागितले तर दुकानदार मला चष्म्याच्या दुकानाचा रस्ता दाखवील. रचना मात्र मोठी गमतीची. भिंगातून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावर पडतो, तिथून वरच्या लोलकात जातो आणि लोलकातून आपल्या डोळ्यात. भिंगाला जे दिसते तेच आपल्याला दिसते. कळ दाबली की आरसा खाडकन वर उडतो, पडदा सरकतो, फिल्मवर प्रकाश पडतो. तेवढ्यात आपल्या डोळ्यापुढे अंधार! जो क्षण टिपायचा, नेमका तोच टिपणाऱ्याला दिसत नाही.

असे कॅमेरे एकासारखे एक इतके निघाले आहेत की माणूस गोंधळून जावा. निकॉनचा एफएम 1977 चा आणि एफई 1978 चा. दोन्ही शेजारी ठेवले तर नाव वाचल्याशिवाय ओळखू येऊ नयेत. पण एफएमचा पडदा चाकांवर आणि स्प्रिंगांवर चालतो, त्यातली बॅटरी फक्त प्रकाश मोजते. एफईची बॅटरी संपली की वेगाचे एकच घर उरते. कॅनन एई-वन तर बॅटरीवाचून कळच दाबू देत नाही. उलट, याशिकाचा एफएक्स-थ्री, निकॉनचा एफएम-टेन आणि ऑलिंपसचा ओएम-2000 ही तीन घराण्यांची तीन नावे. पण तिन्ही घडवले कोसिना या एकाच जपानी कारखान्याने. आडनावावरून कुळी ठरवण्याची आपली सवय इथे काही कामाची नाही.

आमच्या पेठेतल्या एका वृद्ध फोटोवाल्यांनी दुकान आवरायला काढले आहे. त्यांच्या कपाटात असाही पेंटॅक्सचे दोन कॅमेरे होते : एक के-1000, दुसरा केएम. कन्येने फोनवर सगळे वाचून ठेवले होते.

“बाबा, के-1000च. सगळे तोच सांगतात. विद्यार्थ्यांचा कॅमेरा आहे तो.”

“नाव त्याचं झालं, सर,” फोटोवाले म्हणाले. “याला कुणी विचारत नाही. दोनशे रुपये कमी द्या.”

त्यांनी दोन्ही कॅमेरे टेबलावर उपडे केले. हकीकत अशी, की केएम 1975 साली निघाला. पुढच्या वर्षी कंपनीने त्यातल्या दोन-तीन सोयी काढून टाकल्या आणि स्वस्त केलेल्या त्या भावंडाला के-1000 हे नाव दिले. ते भावंड 1997 पर्यंत कारखान्यातून निघत राहिले; आधी जपानात, मग हाँगकाँगला, शेवटी चीनमध्ये. पडदा तोच, कापडाचा. वेग तेच, एका सेकंदापासून हजारांशापर्यंत. भिंगेही तीच बसतात. मग काढले काय? भिंगाचे छिद्र लहान केल्यावर किती खोलवर स्पष्ट दिसेल ते आधी पाहण्याची सोय, आणि पुढच्या अंगाला असणारी एक खिट्टी. ही खिट्टी खाली ओढून कळ दाबली की यंत्र घुंई करत काही सेकंद थांबते आणि मग फोटो काढते. तेवढ्यात फोटो काढणाऱ्याने धावत जाऊन इतरांत उभे राहायचे.

फोटोवाल्यांचे मत के-1000 च्या बाजूचे होते. “जुन्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा अडकते ती ही खिट्टीच. आतलं वंगण सुकतं. मधेच अडली तर अख्खा कॅमेरा बसतो. जे नाहीच ते बिघडत नाही, सर.” हे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. दुरुस्त करणारे हात दरवर्षी कमी होत आहेत, हेही ते म्हणाले.

मग त्यांनी परीक्षा कशी करायची ते दाखवले. मागचे दार उघडून एका सेकंदाचा वेग लावा आणि ‘एक हजार एक’ म्हणा. पडदा त्याआधी मिटला किंवा रेंगाळला तर पुढे जाऊ नका. आरशाजवळचा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलावा लागेल. खर्च फार नाही. भिंगातून दिव्याकडे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. या बाबतीत आमच्या गावाचे थोडे कौतुक करतो. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडलेल्या भिंगाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. सोलापूरचे ऊन माणसाला भाजून काढते, पण भिंगाला मानवते!

प्रकाशमापकाचे त्यांनी सांगितलेले तर मी वहीत लिहून घेतले. हा मापक सगळे जग करडे आहे असे धरून चालतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत पांढऱ्या बाराबंद्यांचा समुद्र लोटतो. तिथे काटा मधोमध आणून फोटो काढला तर बाराबंद्या धुतल्या नसाव्यात अशा करड्या उतरतात. तिथे एक-दीड घर प्रकाश जास्त द्यायचा. हे ज्ञान दोन्ही कॅमेऱ्यांना सारखेच लागू आहे, आणि ते कॅमेऱ्याबरोबर विकत मिळत नाही.

निर्णय दुसऱ्या दिवशी घरी झाला. आमच्या वडिलांकडे आग्फाचा क्लिक-थ्री होता. बारा फोटोंच्या रोलचा साधा डबाच. सौभाग्यवतींनी जुना अल्बम काढला आणि कन्येपुढे ठेवला.

“यात तुझे आजोबा शोध.”

आजी होती, आत्या होत्या, पंढरपूरचे वाळवंट होते, मुंजीच्या गोट्यातला मी होतो. आजोबा नव्हते. पाने उलटता उलटता कन्या एका फोटोवर थांबली. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढावा, हा त्या काळचा नियम वडील कसोशीने पाळत. आत्याच्या पायांपाशी जमिनीवर एक लांब सावली पडली होती; दोन्ही कोपर बाहेर काढलेली, मान खाली घातलेली.

“हेच का ते?” तिने विचारले. तिने आजोबांना पाहिलेले नाही.

संध्याकाळी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. रिकाम्या केएमची खिट्टी फोटोवाल्यांनी सात-आठ वेळा ओढून दाखवली. दोनदा ती जरा कुरकुरली, मग नीट चालली. तिसऱ्यांदा अडकली असती तर काय केले असते, कोण जाणे. कन्येने के-1000 कडे एकदा पाहिले आणि केएम पिशवीत घातला.

आता त्यात रोल भरलेला आहे. नऊ फोटो झाले. त्यांतले चार मांजराचे आहेत, असा मला दाट संशय आहे. तिवई आमच्याकडे नाही, म्हणून पाडव्याच्या फोटोसाठी दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे चार खंड एकावर एक रचून पाहिले. तिसऱ्या खंडाची पुठ्ठ्याची बांधणी सैल झाल्याने कॅमेरा डावीकडे कलतो. सौभाग्यवती म्हणतात त्याखाली पोळपाट ठेवा. कन्या खिट्टी ओढून घड्याळ लावते आहे, आणि कळ दाबल्यावर उंबरा न अडखळता ओलांडून आमच्यात येता येते का, याची तिची चौथी तालीम चालू आहे.